मडकं टांगण्याआधी



कवी माणूस पाखरांवर बोलायला आला म्हणजे तो पिंजऱ्याविरुद्ध बोलणार, असा आपला समज असतो. पाखरू, पिंजरा, आभाळ हे आम्हा कवींचं जुनं भांडवल. मराठीत ते पुष्कळ वापरून झालं, उर्दूत तर विचारूच नका. आज मला त्या भांडवलाला हात लावायचा नाही. आज एका साध्या, घरगुती गोष्टीबद्दल बोलायचं आहे. ज्यांच्या घरी छोट्या रंगीत पोपटांची जोडी आहे आणि ज्यांच्या मनात आता त्यांची पिल्लं व्हावीत असं आलं आहे, त्यांच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. मी स्वतः गेली वीस-बावीस वर्षं हे पक्षी सांभाळतो आहे. सांगणार आहे ते काही माझ्या वहीतलं, काही जाणकारांकडून शिकलेलं.

आधी नावांचा घोळ निस्तरू. बाजारात पिंजरा भरून निळे, पिवळे, हिरवे, पांढरे चिमुकले पक्षी विकायला असतात. विकणारा म्हणतो ‘लव्हबर्ड’, आपणही म्हणतो ‘लव्हबर्ड’. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. ते अंगानं जरा जाड, आखूड शेपटीचे असतात. बजरीगर ऑस्ट्रेलियातला. लांब शेपटीचा, पाठीवर आणि मानेवर लाटांसारख्या काळ्या रेघा असलेला. नाव ऐकून वाटतं की हा बाजरी खातो म्हणून बजरीगर! बाजरी तो खातो हे खरं, पण नाव आलं आहे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून.

तिसरा आपला राघू. गळ्यात कंठ असलेला, अंगणातल्या पेरूवर थव्यानं उतरणारा. कुणाच्या घरी तो ‘विठू विठू’ म्हणतो, कुणाच्या घरी ‘मिठू मियाँ’. हा मात्र घरी ठेवायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, आणि आपल्या रानातले पोपट त्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. ढोलीतून काढलेली पिल्लं बाजारात पोचेपर्यंत किती मरतात याचा हिशेब विकत घेणाऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त जगलेलं पिल्लू दिसतं. हल्ली निळा किंवा पिवळा कंठवाला पोपट ‘परदेशी आहे’ म्हणून दाखवतात. रंग बदलला म्हणून जात बदलत नाही. तो आपला राघूच. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आज मी बोलणार आहे तो बजरीगरबद्दल. १८०५ साली शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद केली. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञानं ऑस्ट्रेलियातून जिवंत पक्षी इंग्लंडला नेले. तेव्हापासून हा पक्षी माणसाच्या घरात पिल्लं घालतो आहे. रानातला बजरीगर फक्त हिरवा-पिवळा असतो. निळा, पांढरा, राखी, जांभळट हे रंग पिंजऱ्यातल्या पैदाशीतून निवडून निवडून वाढवले गेले. म्हणजे आपल्या घरची जोडी कुणी रान लुटून आणलेली नाही. ही समाधानाची गोष्ट आहे. पण तिथेच आपली जबाबदारी सुरू होते. रानातल्या पक्ष्याचं बरंवाईट रान पाहतं. या पक्ष्याला आपल्याशिवाय कुणी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागात पावसाचा काही नेम नसतो. पाऊस पडला की गवत उगवतं, गवताला दाणा धरतो, आणि बजरीगरचे थवे मैलोन्‌मैल उडत त्या दाण्याच्या मागे जातात. दाणा भरपूर, पाणी जवळ, झाडात ढोली रिकामी, एवढं जुळून आलं की मादी अंडी घालते. पाऊस संपला, गवत वाळलं, की सारं थांबतं. मग थवा पुढे जातो. पुढचा पाऊस कधी, ते देव जाणे. या थांबण्यात मादीचं शरीर पुन्हा भरून निघतं.

आता आपल्या घरातला पिंजरा पाहा. वाटी रोज भरलेली, पाणी रोज ताजं, आणि कोपऱ्यात एक मडकं बारा महिने टांगलेलं. त्या मादीच्या लेखी आपल्या घरात पाऊस कधी थांबतच नाही! मग ती अंडी घालतच राहते. एक वेत उडतं न उडतं तोच दुसरं, मग तिसरं, मग चौथं. लोक कौतुकानं सांगतात, ‘आमची जोडी फार चांगली आहे, वर्षभर पिल्लं देते.’ ती चांगली आहे म्हणून देत नाही. तिला थांबायची खूण कुणी देत नाही, म्हणून देते.

मादीवर याचा भार किती पडतो, त्याचा हिशेब करू. बजरीगरचं वजन तीस ते चाळीस ग्रॅम. एक अंडं साधारण दोन ग्रॅमचं. एक दिवसाआड एक याप्रमाणे ती पाच अंडी घालते. म्हणजे नऊ-दहा दिवसांत ती आपल्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा शरीराबाहेर टाकते. कवचाचा चुना येतो कुठून? खाण्यातून पुरेसा मिळाला नाही तर तिच्या हाडांतून. दोन वेतांच्या मध्ये विसावा नसेल, तर हाडं तरी किती पुरणार?

आमच्या ओळखीच्या एका घरी असंच झालं. मादीनं वर्षात चार वेतं काढली होती. पाचव्या वेळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसली, शेपटी खालीवर होत होती, जोर लावत होती. अंडं अडकलं होतं. पक्ष्यांचा डॉक्टर मिळेपर्यंत संध्याकाळ झाली आणि ती गेली. त्या घरची माणसं निर्दयी नव्हती. तिला सफरचंदाची फोड भरवणारी, तिच्याशी गप्पा मारणारी माणसं होती. पक्षी अंडी घालतो आहे म्हणजे तो सुखात आहे, एवढाच त्यांचा समज होता. श्रोतेहो, माझ्या आजच्या बोलण्यातून हा एक समज जरी दूर झाला, तरी मी आलो त्याचं सार्थक झालं.

तर पहिला नियम असा. मडकं ही पिंजऱ्यातली सजावट नाही. मडकं म्हणजे पाऊस. ते टांगायचं की नाही, कधी टांगायचं आणि कधी काढायचं, हे सारं आपल्या हातात आहे. मडकं किंवा घरट्याची पेटी नसेल तर बजरीगर बहुधा अंडी घालत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही बिघडत नाही. कुणाला नुसती सोबत म्हणून पक्षी हवे असतील तर दोन नर ठेवावेत. त्यांचं आपसांत चांगलं जमतं. ते बडबड करतात, एकमेकांना खाजवतात, दाणा भरवतात. नर शब्दही उचलतो. कॅलिफोर्नियातल्या ‘पक’ नावाच्या एका बजरीगरला सतराशेवर शब्द येत होते अशी गिनीज बुकात नोंद आहे. तो १९९४ साली वारला. एवढे शब्द आम्हा कवींनाही एका बैठकीत आठवायचे नाहीत!

आता ज्यांना विचारपूर्वक एखादं वेत काढायचंच आहे, त्यांच्यासाठी.

नर-मादी ओळखायची ती चोचीच्या वरच्या, नाकपुड्यांभोवतीच्या मांसल पट्टीवरून. मोठ्या नराची ही पट्टी निळी असते. मादीची फिकट पांढरट-निळसर, आणि अंड्यावर यायच्या वेळी तपकिरी, खरखरीत. पांढऱ्या आणि पिवळ्या जातींत ही खूण फसवते, कारण तिथे नराचीही पट्टी गुलाबी-जांभळट राहते. वय ओळखायचं कपाळावरून. पिल्लाच्या कपाळावर थेट चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं गळतात आणि कपाळ स्वच्छ होतं. चार-पाच महिन्यांची मादी अंडी घालू शकते, पण तिला घालू देऊ नये. तिची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. नर-मादी दोघंही किमान दहा-बारा महिन्यांची असावीत.

दुसरं, जोडी एकाच घरट्यातली नको. एकाच दिवशी, एकाच पिंजऱ्यातून आणलेले दोन पक्षी भावंडं असण्याचा संभव फार. भावंडांच्या पिल्लांत अशक्तपणा आणि व्यंगं वाढतात. म्हणून एक पक्षी एका ठिकाणचा, दुसरा दुसऱ्या ठिकाणचा घ्यावा. नवा पक्षी आणला की त्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावं. आजार असेल तर तेवढ्या दिवसांत दिसून येतो. आणि एक वही करावी. कोणता पक्षी कुठून आला, कुणाची जोडी कुणाशी, पहिलं अंडं कधी, पिल्लू बाहेर कधी पडलं, कुणाकडे गेलं. वही नसली की तिसऱ्या वर्षी कोण कुणाचा भाऊ हे कुणालाच सांगता येत नाही.

पिंजरा उंच नको, लांब हवा. पक्षी आडवा उडतो, लिफ्टसारखा वर-खाली जात नाही. एका जोडीला किमान दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद-उंच जागा द्यावी. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० सालचा कायदाही सांगतो की प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात त्याला ठेवणं हा गुन्हा आहे. मोठ्या जाळीत चार-पाच जोड्या एकत्र असतील तर नर-मादी समसमान हवेत. एक मादी जरी जास्त झाली तरी घरट्यावरून भांडणं पेटतात, आणि बजरीगरच्या माद्या भांडायला लागल्या की रक्त निघेपर्यंत थांबत नाहीत. मडकी माद्यांपेक्षा जास्त टांगावीत आणि सगळी एकाच उंचीवर असावीत. वरचा मजला सगळ्यांनाच हवा असतो, पक्ष्यांनासुद्धा!

मडक्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. आपल्याकडे पोटाला भोक पाडलेलं मातीचं मडकं वापरायची रीत आहे. ते थंड राहतं, स्वस्त पडतं. पण त्याचा तळ गुळगुळीत असतो. त्यावर पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर कायमचे तसेच राहतात. बजरीगर घरट्यासाठी काडीकचरा आणत नाही, म्हणून तळाशी सुताराकडचा जाडसर लाकडी भुसा आपणच घालावा. रंग किंवा पॉलिश केलेल्या लाकडाचा नको. माझं विचाराल तर खोलगट तळाची आणि वरचं झाकण उघडणारी लाकडी पेटी उत्तम. आत पाहता येतं, साफ करता येतं.

खाण्याचं म्हणाल तर राळे आणि बाजरी हे रोजचं अन्न. राळ्यांना बाजारात कांगणी म्हणतात. नुसत्या दाण्यावर मात्र पैदास करू नये. कोथिंबीर, पालक, मेथी, शेवग्याचा पाला, धुतलेलं कोवळं गवत, किसलेलं गाजर, मोड आलेली बाजरी यांतलं काहीतरी रोज द्यावं. पिल्लं असताना उकडलेलं अंडं कुस्करून द्यावं. चुन्यासाठी समुद्रफेस पिंजऱ्याला बांधून ठेवावा. कासाराच्या किंवा काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. समुद्रफेस म्हणजे लाटांचा फेस नव्हे, तो माकूल नावाच्या समुद्री प्राण्याच्या अंगातला चुन्याचा पांढरा तुकडा असतो. अॅव्होकॅडो आणि चॉकलेट पक्ष्यांना विषासारखं, चुकूनही देऊ नये.

वाटीचं एक सांगून ठेवतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण वर सगळा कोंडाच असतो. आपण म्हणतो, आज खाल्लंच नाही वाटतं, आणि पक्षी तिकडे उपाशी! वाटी रोज फुंकून पाहावी. फुंकर मारली की खरं काय ते कळतं.

वेळ कोणती निवडायची? आमच्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो. त्या तापात मडक्यात बसलेल्या मादीचे आणि पिल्लांचे हाल होतात. पावसाळ्यात दमटपणा, दाण्याला बुरशी. म्हणून दिवाळीनंतर मडकं टांगावं आणि होळीच्या सुमारास काढावं. हा काळ सव्वाचार-साडेचार महिन्यांचा. एका वेताला सुमारे दोन महिने लागतात, म्हणजे यात फार तर दोन वेतं बसतात. वर्षाला दोन, त्याहून एकही जास्त नको. एकावरच थांबलात तर फारच चांगलं.

वेत कसं चालतं पाहा. मडकं टांगल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत मादी आत-बाहेर करू लागते. नर तिला तोंडानं दाणा भरवतो. मग अंडी येतात, एक दिवसाआड, साधारण चार ते सहा. उबवते ती एकटी मादी. नर तिला दारातून खाऊ पुरवतो. या दिवसांत ती मोजक्या वेळाच बाहेर येते आणि तिची विष्ठा एकदम मोठी पडते. त्याला घाबरू नये. सहा-सात दिवसांनी ती बाहेर आली असताना अंड्यामागे छोटी बॅटरी धरली तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. दिसलं तर अंडं भरलेलं आहे. सुमारे अठराव्या दिवशी पहिलं पिल्लू निघतं, मग एक दिवसाआड पुढची. त्यामुळे पाचवं पिल्लू निघतं तेव्हा पहिलं आठवड्याचं झालेलं असतं. या धाकट्यावर नजर ठेवावी. त्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली दिसते की नाही, हे रोज पाहावं.

पिल्लू निघतं तेव्हा नागडं, आंधळं, दोन ग्रॅमचं. दहा दिवसांच्या आसपास डोळे उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रंग भरतो. पाचव्या आठवड्यात ते घरट्याबाहेर येतं. त्यानंतरही बाप त्याला आठ-दहा दिवस भरवत असतो. पिल्लू स्वतः दाणा सोलून खाऊ लागलं आहे याची खात्री झाल्याखेरीज त्याला आईबापांपासून तोडू नये. सहा आठवड्यांआधी तर नाहीच. कधी कधी मादीला पुढच्या वेताची घाई होते आणि ती घरट्यातल्या पिल्लांची पिसं उपटते, चोची मारते. तसं दिसलं तर बाहेर पडायला तयार झालेली पिल्लं बापासह वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावीत आणि लगेच मडकं काढायची तयारी करावी.

अंडं अडकल्याची लक्षणं मघाशी सांगितली. तळाशी बसणं, पिसं फुलवणं, शेपटी हलणं, जोर लावणं. असं दिसलं की मादीला ऊबदार जागी ठेवावं आणि ताबडतोब डॉक्टर गाठावा. दाबून अंडं काढायचा प्रयत्न घरी करू नये. आत फुटलं तर मादी हातची जाते. म्हणूनच मडकं टांगण्याआधी पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर आपल्या गावात कोण आहे, त्याचा दवाखाना किती वाजता उघडतो, हे विचारून ठेवावं. सगळेच पशुवैद्य पक्षी पाहत नाहीत. ऐन वेळी शोधाशोध नको.

थांबवायचं कसं, हेही समजून घ्या. पिल्लं उडाली की मडकं काढायचं, पिंजऱ्याची मांडणी थोडी बदलायची, आणि संध्याकाळी लवकर अंधार करायचा. मडकं काढल्यावरही एखादी मादी पिंजऱ्याच्या तळाशी अंडी घालते. ती अंडी लगोलग उचलू नयेत. उचलली की तूट भरून काढायला ती आणखी घालते. ताजं अंडं उकळून, गार करून परत ठेवावं. तिला वाटतं अंडं आहे. काही दिवस बसून ती आपण होऊन सोडून देते.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. पिल्लं जाणार कुठे?

हिशेब सोपा आहे. एक जोडी, दोन वेतं, प्रत्येकी पाच पिल्लं. वर्षाअखेर दोनाचे बारा. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर दुसऱ्या वर्षी बहात्तर, तिसऱ्या वर्षी चारशे बत्तीस. प्रत्यक्षात एवढे होणार नाहीत, काही मरतील. पण ‘काही मरतील’ यावर उभा राहिलेला हिशेब मला हिशेब वाटत नाही.

आमच्या बिल्डिंगमधली नववीतली एक मुलगी मागे माझ्याकडे आली होती. म्हणाली, “चाचा, मडकं कुठलं घेऊ?” मी म्हटलं, “बेटा, मडकं मी देतो. तू आधी एका कागदावर पिल्लं कुणाकुणाला देणार त्यांची नावं लिहून आण.” दुसऱ्या दिवशी ती सात नावं घेऊन आली. आम्ही एकेक नाव वाचलं. एकीच्या घरी मांजर होतं. एका मित्राचं घर दर सुट्टीत महिनाभर कुलूपबंद असायचं. एकाच्या आजीला दम्याचा त्रास. दोघांच्या आईवडिलांना अजून विचारलंच नव्हतं. उरली दोन नावं. तिनं कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, “मग या वर्षी नको.” पुढच्या वर्षी ती पाच पक्क्या नावांचा कागद घेऊन आली. एकच वेत काढलं. चार पिल्लं जगली, चारही ठरलेल्या घरी गेली. मडकं माझं मला परत आणून दिलं. एवढं शहाणपण मी मोठ्या माणसांत फार थोड्यांकडे पाहिलं आहे.

पिल्लू देताना संकोच न करता विचारावं. पिंजरा केवढा आहे? पाहणार कोण? एकटा ठेवणार की सोबत देणार? हा थव्यातला पक्षी आहे, एकटेपणा त्याला सोसत नाही. नीट सांभाळला तर पाच-आठ वर्षं जगतो, काही त्याहूनही जास्त. तेवढी वर्षं तुम्ही गावात आहात का? घरात दमेकरी असेल तर त्याला आधीच सांगावं, कारण पक्ष्यांच्या पिसांची धूळ त्रास देते. पक्ष्यांपासून माणसाला होणारा एक तापही आहे, त्यात न्यूमोनियासारखी लक्षणं दिसतात. म्हणून पिंजरा साफ केल्यावर हात धुवावेत, आणि ताप-खोकला आला तर ‘घरी पक्षी आहेत’ हे डॉक्टरला आवर्जून सांगावं. उलट माणसांच्या घरातल्या काही गोष्टी पक्ष्यांना घातक. डासांची अगरबत्ती, उदबत्ती, लोबान यांचा धूर त्यांच्यापासून दूर ठेवावा. नॉनस्टिक भांडं रिकामं तापत राहिलं तर त्यातून निघणाऱ्या वायूनं शेजारच्या खोलीतले पक्षीही मरतात.

पिल्लं जास्त झाली की काही भाविक, काही कंटाळलेले लोक पिंजऱ्याचं दार उघडून देतात. ‘पाखरं मुक्त केली’ म्हणतात. बजरीगरच्या बाबतीत ही मुक्ती नव्हे. त्याला आपल्याकडचं अन्न ओळखता येत नाही, लपायचं ठाऊक नाही, आणि पिवळा-निळा रंग कावळ्याच्या नजरेतून सुटत नाही. बहुतेकांचा निकाल दोन दिवसांत लागतो. आणि परका पक्षी जगला तरी प्रश्न संपत नाही. लंडनमध्ये माणसांच्या हातून सुटलेले आपले राघू आज तिथल्या बागांतून थव्यानं हिंडतात आणि तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्यांवर हक्क सांगतात. दार उघडणं सोपं असतं. त्यापेक्षा मडकं न टांगणं अधिक दयेचं आहे.

कायद्याचं एक सांगून टाकतो. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. जगातले जवळजवळ सगळे परदेशी पोपट या नोंदणीत येतात. ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्यांची नोंद करावी लागते आणि जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणं हेही कळवावं लागतं. ज्या आंतरराष्ट्रीय यादीवर ही नोंदणी आधारलेली आहे, तिच्यातून बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड हे वगळलेले आहेत. इतर कुठलाही पोपट घेणार असाल तर आधी कागदपत्रं पाहा. आणि बजरीगरला कागद लागत नाही म्हणून आपली वही बंद करू नका. सरकारला नको असली तरी पक्ष्यांना ती हवी आहे.

श्रोतेहो, जबाबदारीनं पैदास करायची म्हणजे जास्त पिल्लं कशी काढायची हे शिकायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या वहीची जुनी पानं चाळली तर त्यांत वेतांच्या नोंदींपेक्षा ‘या वर्षी मडकं नाही’ ही नोंद जास्त वेळा सापडते. त्या वर्षीही घर किलबिलाटानं भरलेलंच असतं. पक्षी काचेत स्वतःला पाहून गप्पा मारतात, कोथिंबिरीच्या जुडीत अंघोळ करतात, दुपारी एका पायावर झोपतात. त्यांना पिल्लांची हौस नसते, ती हौस आपली असते. ती जरूर पुरवावी, पण मादीचं वय, तिची तब्येत, ऋतू, डॉक्टरचा पत्ता आणि नावांचा तो कागद, एवढं हाताशी असेल तेव्हाच.

या दिवाळीत ज्यांच्या मनात मडकं आणायचं आहे, त्यांनी आज रात्री फक्त एक काम करावं. एक कागद घ्यावा आणि नावं लिहायला बसावं. नावं पुरेशी भरली तर मडकं आणा. नाही भरली, तर पुढची दिवाळी आहेच.